वरोऱ्याचा कोळसा आणि न उभारलेला पोलाद कारखाना

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या शिवारात विहीर खणली तर काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पत्थर, म्हणजेच भूशास्त्रज्ञ ज्याला बेसाल्ट म्हणतात तो खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वारंवार बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला आणि मराठवाड्याचा बहुतेक भूभाग त्याने झाकून टाकला. या खडकात दगडी कोळसा सापडत नाही आणि खाण चालवणे परवडेल असे लोहखनिजही नाही. तरीही जालना शहर आज लोखंडी सळयांसाठी देशभर ओळखले जाते, कारण तेथील विजेच्या भट्ट्यांत खनिज वितळवले जात नाही, तर भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिजातील प्राणवायू काढून घेतल्यावर उरणारे सच्छिद्र लोखंड, वितळवले जाते. महाराष्ट्रातील कोळशाचा आणि धातूंचा इतिहास शोधायचा तर लाव्हाच्या या आवरणाची पूर्वेकडील कड ओलांडून विदर्भात जावे लागते.

तेथे बेसाल्टच्या मानाने कितीतरी जुने, पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे गोंडवन खडक उघडे पडले आहेत. प्राचीन दलदलींतील वनस्पती गाळाखाली गाडल्या जाऊन त्यांचा जो कोळसा झाला, तो या खडकांत थराथरांनी आढळतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातून निघून प्राणहिता आणि गोदावरीच्या काठाने हा पट्टा थेट तेलंगणात उतरतो, आणि त्याच पट्ट्यात सिंगारेणीच्या खाणी आहेत. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याच्या हक्काचा कोळसा म्हणजे सिंगारेणीचा. तो काढण्यासाठी १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या हैदराबाद डेक्कन कंपनीला हक्क देण्यात आले होते आणि १९२० मध्ये तिच्या जागी सिंगारेणी कोलिअरीज कंपनी आली.

विदर्भातील धातुविद्या मात्र इंग्रजांच्या आगमनापेक्षा फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे महापाषाणयुगीन वसाहतीच्या, म्हणजे मोठ्या शिळांची वर्तुळे रचून मृतांची दफने करणाऱ्या लोकांच्या वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी आणि धातुमळी सापडली. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील त्या कारागिरांना दगडी कोळशाची गरज नव्हती. लाकडी कोळसा, भाता आणि मातीची लहान भट्टी एवढ्या सामग्रीवर लोखंड तयार होई आणि जंगलाच्या आधाराने ही पद्धत पूर्व विदर्भात अनेक शतके टिकून राहिली.

आधुनिक खाणकामाचा आरंभ चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे १८७०च्या दशकात झाला. मध्य भारतातून जाणाऱ्या आगगाड्यांना बंगालचा कोळसा दुरून आणावा लागे आणि तो महाग पडे. म्हणून सरकारने स्वतः वरोऱ्याची खाण चालवली आणि वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत मुद्दाम लोहमार्ग टाकला. याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे कापसाइतकेच या जवळच्या कोळशाचेही महत्त्व होते.

या कोळशात ओलावा आणि तापवल्यावर वायुरूपाने निघून जाणारे घटक बरेच असतात. उघड्यावर पडलेला असा कोळसा हवेतील प्राणवायू शोषत आतल्या आत तापतो आणि कोणी काडी न लावताही पेट घेतो. वरोऱ्याच्या भुयारांत अशा आगी वारंवार लागत. जळता भाग भिंत घालून बंद करावा, तर त्यामागचा कोळसा कायमचा हातचा जाई. आगी आणि जमीन खचण्याच्या प्रकारांनी जेरीस आलेली ही खाण अखेर १९०६ मध्ये बंद झाली आणि कामाचा भर बल्लारपूरकडे वळला. आनंदवनामुळे पुढे साऱ्या देशाला ठाऊक झालेल्या वरोऱ्याची ही पूर्वीची ओळख आज क्वचितच कोणाच्या बोलण्यात येते.

कोळशाच्या याच स्वभावाने वरोऱ्याची त्याहून मोठी एक संधीही हिरावली. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील उत्तम प्रतीच्या लोहखनिजाबद्दल जर्मन तज्ज्ञ रिटर फॉन श्वार्त्झ यांनी लिहिलेला अहवाल १८८२ मध्ये जमशेटजींच्या वाचनात आला. एका बाजूला असे खनिज आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, ही जोडी त्यांच्या मनात भरली. परंतु झोतभट्टीत साधा कोळसा चालत नाही, कोक लागतो. हवेचा संपर्क टाळून कोळसा तापवला की चांगल्या जातीचा कोळसा मऊ होऊन एकजीव होतो आणि थंड झाल्यावर त्याचे कठीण, सच्छिद्र ढेकूळ बनते, त्यालाच कोक म्हणतात; भट्टीतील खनिजाचा भार पेलत जळत राहण्याचे काम त्याला करावे लागते. वरोऱ्याचा कोळसा असा एकजीव होत नाही. तो चाचणीत उतरला नाही, त्यातच खाणपरवान्याच्या तत्कालीन सरकारी अटीही जाचक होत्या, आणि ती योजना बाजूला पडली.

नियम सैल झाल्यावर १९०४ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चंद्रपूरचा प्रदेश पुन्हा पिंजून काढला, तेव्हाही कोकची अडचण सुटली नाही. निराश झालेले जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा नागपुरात अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी थांबले असता तेथील संग्रहालयात त्यांना भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीवर आधारलेला नकाशा दिसला. त्यावरून शोध दुर्ग जिल्ह्याकडे आणि पुढे बोस यांच्याच पत्रामुळे मयूरभंजकडे वळला. झरियाचा कोक होणारा कोळसा जवळ असल्याने १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कंपनीचा कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात उभा राहिला. विदर्भावर अन्याय झाला म्हणून ही घटना सांगण्यात अर्थ नाही. उपलब्ध तंत्र पाहता तो निर्णय योग्यच होता. वर्धा खोऱ्यातील कोळसा, ज्याच्या खाणी १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या, तो मुख्यतः वीज निर्माण करण्यासाठी जाळला जातो. स्पंज आयर्न बनवताना मात्र कोक न होणारा कोळसाही चालतो, आणि त्या तंत्राने अशा कोळशाला लोखंडाच्या धंद्यात उशिरा का होईना जागा दिली.

मँगनीजची हकीकत वेगळी आहे आणि तेथे तक्रारीला जागा आहे. वितळलेल्या पोलादातील प्राणवायू व गंधक यांना बांधून घेणारा आणि पोलादाला चिवटपणा देणारा हा धातू नागपूर-भंडारा भागात विपुल आहे. भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी त्याचा सविस्तर अभ्यास करून १९०९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि येथील मँगनीजयुक्त खडकाला गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. खाणकामाचा आरंभ १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने केला. १९०५ च्या उठावांमुळे रशियाचा पुरवठा विस्कळीत झाला तेव्हा भाव चढले आणि मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खनिज मोठ्या प्रमाणात परदेशी रवाना होऊ लागले. ते जात होते ते कच्चेच. खनिजावर प्रक्रिया करून फेरोमँगनीज हा मिश्रधातू बनवण्यात जी खरी कमाई होती, ती अनेक दशके युरोपातील कारखान्यांच्या पदरात पडली आणि खाणीच्या गावांत राहिले ते खड्डे, मजुरी आणि धूळ. येथे भूगर्भाचा दोष नव्हता. हे धोरण माणसांनी ठरवलेले होते.

स्वातंत्र्यानंतरही हे चित्र सावकाश बदलले. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन होऊन तिचे एकावन्न टक्के भाग केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांकडे आले, तरी उरलेले एकोणपन्नास टक्के या खाणी चालवत आलेल्या ब्रिटिश कंपनीच्याच हाती होते आणि तेही १९७७ मध्ये विकत घेण्यात आले. मँगनीजचे मिश्रधातू बनवणारा चंद्रपूरचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट हा कारखाना २०११ मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडियात विलीन झाला.