कर्जाचा आंकडा व कर्जाचें ओझें

कर्जखतावर शंभर रुपयांचा आंकडा एकदां लिहिला गेला, कीं फेडीपर्यंत तो बदलत नाहीं. त्या शंभर रुपयांचें ओझें मात्र बदलत असतें. ज्या शेतकऱ्याचा कापूस दहा रुपये मणानें विकला जातो, त्याच्या लेखीं शंभर रुपये म्हणजे दहा मण कापूस. भाव पांच रुपयांवर उतरला कीं तेंच कर्ज वीस मणांचें होतें. व्याजाची गोष्ट तर निराळीच! सावकारानें आंकड्यांत एका पैचीही भर घातलेली नसते, आणि तरीही कर्ज दुप्पट झालेलें असतें.

महाराष्ट्राला या सत्याची ओळख फार महाग पडली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला व मुंबई इलाख्यांतील कापसाचे भाव एकाएकीं चढले. दक्षिणेंतील रयतेची पत वाढली. सावकारही सढळ हातानें कर्ज देऊं लागले. चढत्या भावाच्या भरंवशावर काढलेलें हें कर्ज उतरत्या भावानें फेडण्याची पाळी १८६५ सालीं युद्ध संपल्यावर आली. त्यांतच पुढें जमिनीची फेरआकारणी होऊन सारा वाढला आणि सावकारांनीं हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला. जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यांत आले. रयतेच्या संरक्षणासाठीं सरकारला १८७९ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

या घडामोडीची शास्त्रीय मीमांसा येल विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनीं १८७५ च्या दंग्यासंबंधानें नव्हे, तर अमेरिकेंतील महामंदीच्या संबंधानें १९३३ सालीं केली. त्यांच्या हिशेबाप्रमाणें मंदीच्या काळांत लोकांनीं शेंकडा वीस कर्ज फेडलें. पण तेवढ्या अवधींत भाव इतके कोसळले कीं, मालाच्या रूपानें मोजलेलें उरलेलें कर्ज मूळ कर्जाहून सुमारें शेंकडा चाळीस अधिक भरलें. फेडणारा जों जों फेडी, तों तों अधिकच बुडे. दैवाचा खेळ असा कीं, फिशर स्वतःच कर्ज काढून शेअर घेणाऱ्यांपैकीं होते. १९२९ च्या घसरणींत त्यांची संपत्ति गेली, आणि पुढें त्यांचें राहतें घर विद्यापीठानें विकत घेऊन त्यांना भाड्यानें दिलें.

गृहस्थाला हें गणित घरीं मांडतां येतें. महिना तीस हजार मिळवणाऱ्यास दहा हजारांचा हप्ता म्हणजे दहा दिवसांची कमाई. मिळकत वीस हजारांवर आली तर तोच हप्ता पंधरा दिवस खातो. ठराविक पगारदारास ही धास्ती थोडी. दुकानदार, शेतकरी, दलाल यांना फार. अशांनीं हप्ता पेलेल कीं नाहीं हें बरकतीच्या वर्षावरून न ठरवतां, गेल्या कांहीं वर्षांतील सर्वांत हलक्या वर्षाच्या मिळकतीवरून ठरवावें. कर्ज देणारा हा प्रश्न सहसा विचारीत नाहीं. तो चालू मिळकत पाहतो, आणि चालू मिळकत तेजींत नेहमींच चांगली दिसते.

महागाईंत हेंच पारडें उलट फिरतें. तेव्हां ऋणकोचें ओझें हलकें होतें आणि झीज ठेवीदाराची होते. ठेवीवर सहा टक्के व्याज मिळालें व भाव सात टक्क्यांनीं चढले, तर वर्षाअखेर पुस्तकांतील रक्कम वाढलेली दिसते, पण तींत येणारें धान्य पूर्वींपेक्षां कमी भरतें.