डॅफ्नियाची मेस

तळ्यात खत वाढलं की शेवाळ वाढणार, शेवाळ वाढलं की ते खाणारेही वाढणार, असं त्रैराशिक कुणीही मांडेल. पाणपिसू म्हणजेच डॅफ्निया मात्र त्यात बसत नाही.

हा दोन-तीन मिलिमीटरचा, कोळंबीच्या गोतातला जीव पाणी गाळून शेवाळ खातो. त्याच्या सुक्या वजनात साधारण दीड टक्का फॉस्फरस असतो. तळ्यात फॉस्फरस कमी आणि ऊन भरपूर असेल, तर शेवाळात नुसता कार्बन साठतो. आपल्या मेसच्या पातळ रश्श्यासारखं: पोट भरतं, अंगाला लागत नाही! मग डॅफ्नियाची वाढ खुंटते, अंडीही कमी होतात.

बरं, फॉस्फरस भरमसाट झाला तर? अमेरिकेत सिॲटलला लागून असलेल्या लेक वॉशिंग्टनमध्ये सांडपाण्यामुळे तेच झालं. ऑसिलेटोरिया हे तंतुमय नील-हरित शेवाळ माजलं. असे तंतू डॅफ्नियाच्या गाळणीत अडकतात. १९६३ ते १९६८ मध्ये सांडपाणी तळ्याबाहेर वळवलं. फॉस्फरस भराभर उतरला, पण ऑसिलेटोरिया रेंगाळलं. ते हटल्यावर १९७६ मध्ये डॅफ्निया बहरला आणि पाणी आणखी नितळ झालं. (त्याला खाणारा निओमायसिस आधीच घटला होता, हेही एक कारण.) प्राध्यापक एडमंडसन यांनी हे सगळं वर्षानुवर्षं मोजून ठेवलं.

मित्रांनो, सांडपाणी वळवायला पाच वर्षं लागली. डॅफ्निया बहरायला त्यानंतर आणखी आठ. उद्या आपल्यापैकी कुणी सांडपाण्याचा प्लांट उभारेल, तेव्हा उद्घाटनाच्या फितीबरोबर काम संपलं असं समजू नये, एवढंच मला वाटतं.