आघात यंत्रणा, साठवणीतील पिस्तुलाची

आघात यंत्रणा, साठवणीतील पिस्तुलाची : काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आघात करून ती पेटविणाऱ्या यंत्रणेस आघात यंत्रणा म्हणतात. घोडा, त्यास गती देणारी मुख्य स्प्रिंग, टोपीवर आदळणारी फायरिंग पिन, घोड्यास अडवून धरणारी खाच व चाप हे तिचे प्रमुख भाग होत. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर दीर्घकाळ ठेवून दिल्यास स्प्रिंग कमजोर होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अंशतःच खरा आहे.

स्प्रिंगवरील प्रतिबल : घोडा खाली असतानाही मुख्य स्प्रिंग काहीशी दाबलेली असते, घोडा चढविला की ती अधिक दाबली जाते. हे प्रतिबल पोलादाच्या स्थितिस्थापक मर्यादेच्या पुरेसे खाली राखलेले असल्यास स्प्रिंग अनेक वर्षे दाबलेली राहूनही तिचा जोर फारसा घटत नाही. जी अल्प घट होते ती बहुतांशी सुरुवातीस होते व पुढे मंदावते. याउलट, वारंवार दाबण्यासोडण्याने धातूस शीण येऊन सूक्ष्म चिरा वाढतात. त्यामुळे स्प्रिंगचे आयुष्य काळापेक्षा आवर्तनांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते. लहान पिस्तुलांत मात्र जागेअभावी स्प्रिंग मर्यादेच्या जवळ काम करते आणि दाबलेली राहिल्यास कायमची आखूड होऊ शकते. जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरांतील दुमडलेल्या पात्याच्या स्प्रिंगवर गंजाचा खड्डा पडल्यास तेथे प्रतिबल एकवटून पाते मोडू शकते.

वंगण व गंज : साठवणीत अधिक हानी यांमुळेच होते. जुने तेल घट्ट होऊन व धूळ मिसळून चिकट बनते. त्यामुळे फायरिंग पिनची गती घटते, आघात हलका पडतो व काडतूस उडत नाही. दोष मात्र स्प्रिंगला दिला जातो. चामडी म्यान ओलावा धरून ठेवते, म्हणून त्यात शस्त्र साठविणे अयोग्य होय.

सोलापुरातील परिस्थिती : निवडणूककाळात छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेतली जातात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्च ते ६ जून या काळात लागू होती. सोलापुरात ७ मे रोजी मतदान झाले. एवढ्या अवधीत सुस्थितीतील स्प्रिंगची हानी होण्याचे कारण नाही. येथील उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. तेवढ्या उष्णतेचा पोलादावर नगण्य, परंतु तेलावर लक्षणीय परिणाम होतो. त्यानंतरच्या पावसाळी दमटपणात, तेलाचा थर उडालेल्या भागांवर गंज चढू शकतो.

दक्षता : साठवणीपूर्वी मॅगझीन काढून नळीच्या मागील कोठीत काडतूस उरले नसल्याची पाहून खात्री करावी, कारण मॅगझीन काढल्याने कोठी रिकामी होत नाही. रिव्हॉल्व्हरच्या चक्रातील सर्व घरे तपासावीत. शस्त्र पुसून तेलाचा पातळ थर द्यावा, ते कोरड्या जागी कुलपात व काडतुसे वेगळी ठेवावीत. परत मिळाल्यावर जाणकार शस्त्रकारागिराकडून तपासणी करून घ्यावी. घोडा चढवून ठेवलेल्या भरल्या शस्त्रातील स्प्रिंग टिकली, तरी झिजलेली खाच निसटल्यास गोळी सुटण्याचा धोका असतो; म्हणून साठवणीतील शस्त्र रिकामे व घोडा उतरविलेला असावा.