जनावरातला वाटा : अमेरिकेतील गोमांसाची थेट खरेदी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, विशेषतः टेक्सास, नेब्रास्का, मोंटाना यांसारख्या गुरांसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यांत, घरात लागणारे गोमांस दर आठवड्याला दुकानातून न आणता जवळच्या रँचवरून, म्हणजे मांसासाठी गुरे पाळणाऱ्या शेतावरून, वर्षातून एकदाच घेण्याची पद्धत जुनी आहे. वरवर पाहता हा घाऊक खरेदीचाच एक प्रकार वाटतो. परंतु या व्यवहारात ग्राहक बहुधा मांस विकत घेत नसून जिवंत जनावरातला पाव, अर्धा किंवा पूर्ण वाटा विकत घेत असतो, आणि दराविषयी व मिळणाऱ्या मांसाविषयी पुढे जे गैरसमज होतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ हा फरक ध्यानात न घेण्यात असते. महाराष्ट्रातील खेड्यांत चार घरे मिळून बोकड घेतात आणि मटणाचे वाटे घालतात, त्याच्याशी या व्यवहाराचे नाते दुकानदारीपेक्षा अधिक जवळचे आहे.

वाट्याची ही रचना कायद्यातून आली आहे. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोतील कत्तलखान्यांची किळसवाणी अवस्था लोकांसमोर आणली आणि त्याच वर्षी, 1906 मध्ये, मांस तपासणीचा संघीय कायदा झाला; त्यानुसार विक्रीसाठी कापल्या जाणाऱ्या जनावराची तपासणी सरकारी निरीक्षकाने करणे बंधनकारक ठरले. मात्र जनावराच्या मालकाने स्वतःच्या कुटुंबासाठी ते कापून घेतल्यास या तपासणीतून सूट मिळते. म्हणून अनेक रँचर जनावर जिवंत असतानाच त्याचे वाटे विकतात, ग्राहक कागदोपत्री सहमालक होतात, आणि गावचा खाटीक ते ‘मालकांसाठी’ कापून देतो. अशा मांसाच्या पुड्यांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारावा लागतो. ते मांस शेजाऱ्याला विकता येत नाही, की खानावळीत वाढता येत नाही. रँचरने तपासणी असलेल्या कत्तलखान्यात जनावर कापून घेतले, तर मात्र त्याला सुटे तुकडेही विकता येतात. पण असे कत्तलखाने मोजके आणि पुष्कळदा फार दूर असतात.

हिशेबाचा खरा घोळ वजनात आहे. सुमारे 1,200 पाउंडांचा, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या आसपासचा, खच्ची केलेला तरुण बैल कापल्यावर कातडी, डोके, पाय व आतडी वजा जाता जे धड हुकाला टांगले जाते, त्याचे वजन साधारण 750 पाउंड भरते. यालाच टांगते वजन म्हणतात, आणि दर बहुधा यावरच ठरतो. त्यानंतर हाडे आणि जादा चरबी काढली जाते, काही ओलावा उडून जातो, आणि फ्रीझरमध्ये ठेवण्याजोगे मांस 490 पाउंडांच्या आसपास उरते. समजा, टांगत्या वजनाचा दर पाउंडाला 5 डॉलर आणि खाटकाची कापणी-बांधणीची मजुरी 1 डॉलर आहे. तर पाव वाट्याच्या सुमारे 187 पाउंडांचे 1,122 डॉलर होतात, पण घरी येते 122 पाउंड मांस, म्हणजे प्रत्यक्ष दर 9 डॉलरांच्या पुढे जातो. जनावर मारण्याचे शुल्क वेगळे असल्यास ते यात आणखी मिळवावे लागते. हा दर महागडा म्हणावा की स्वस्त, हे कोणत्या मांसाशी तुलना केली यावर अवलंबून आहे : खिम्यासाठी तो बहुधा जास्त आहे, उत्तम स्टेकसाठी मात्र बराच कमी.

आणि वाट्यात खिमाच अधिक येतो. मुंबई-गोव्यात ‘अंडरकट’ म्हणून ओळखला जाणारा, कण्याखालचा सर्वांत मऊ भाग जनावराच्या दोन बाजूंना मिळून काही किलोच निघतो. खांदा, मान, छाती आणि मांड्या यांचे मांस चिवट असल्याने ते मंद आचेवर तासन्‌तास शिजवावे लागते किंवा त्याचा खिमा करावा लागतो. पाव वाटा नुसता पुढचा घेतला की मागचा, यानेही पदरात काय पडते ते बदलते, म्हणून बरेच रँचर दोन्हींचे मिश्रण देतात. स्टेक किती जाडीचे हवेत, हाडे ठेवायची की काढायची, एका पुड्यात किती खिमा भरायचा, हे ग्राहक एका तक्त्यावर लिहून देतो; हा कापणीचा तक्ता घाईने भरणारे वर्षभर पस्तावतात. कापणीपूर्वी धड शून्य अंश सेल्सिअसच्या किंचित वरच्या तापमानात दहा ते चौदा दिवस टांगून ठेवलेले असते, कारण त्या काळात मांसातील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, स्नायूंचे तंतू सैल करतात आणि मांस मऊ होते.

2020 च्या वसंत ऋतूत या पद्धतीकडे शहरी ग्राहकही वळले. धान्यावर पोसलेल्या गुरांपैकी सुमारे 85 टक्के गुरे अवघ्या चार कंपन्यांकडे कापली जातात. कोविडमुळे मोठे कत्तलखाने बंद पडताच एकीकडे दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या, तर दुसरीकडे तयार गुरे कापली न जाता अडकून पडली. थेट विक्री वाढली खरी, पण खाटकांकडचे नंबर कित्येक महिने पुढचे लागले. म्हणजे अडचण गुरांची नव्हती, ती कापणाऱ्या हातांची होती, आणि या व्यवस्थेचा सर्वांत अरुंद भाग तोच ठरला.

महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने हा व्यवहार तेथे संभवत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि गोमांस खाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे मात्र तो एक खुला पर्याय आहे. त्यांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दर कोणत्या वजनावर आहे आणि मजुरी त्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे, पाव वाट्यासाठी फ्रीझरमध्ये किमान चार-पाच घनफूट जागा आहे याची खात्री करावी, आणि घरात फक्त स्टेकच खाल्ले जात असतील, तर या वाटेला जाऊ नये.