हरवलेल्या बालकाची ओळख : घरोघरी असावा ओळख-संच

पौष पौर्णिमेला वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईची यात्रा भरते. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पंढरीकडे जाते. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुलाबाळांसह सातारा-सांगलीच्या फडांवर उतरतात. पुणे, कोल्हापूर, बेळगाव व पंढरपूर या चारही दिशांचे लोहमार्ग मिरज जंक्शनवर एकत्र येतात. अशा ठिकाणी आईबापाचा हात सुटलेले मूल काही तासांतच परजिल्ह्यात, क्वचित परराज्यातही जाऊन पोहोचू शकते.

पूर्वी गावात मूल हरवले तर दवंडी पिटली जाई. जत्रेत मुलांच्या हातावर नाव गोंदवून घेण्याचीही चाल होती. हेतू एकच की, मुलाला आपले गाव सांगता आले नाही तरी कोणाला तरी ते कळावे. ओळख-संच हे याच खबरदारीचे आजचे रूप होय.

संचात काय असावे?

एका जाड पाकिटात पुढील गोष्टी ठेवाव्यात : चेहरा समोरून स्पष्ट दिसेल असे अलीकडील छायाचित्र, पूर्ण नाव, घरात हाक मारण्याचे नाव व जन्मतारीख, उंची, वजन व रक्तगट, तीळ, व्रण, जन्मखूण, दातांची ठेवण, बोलीभाषा, आजार व नेहमीचे औषध, पालकांचे व दोन नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक, आणि दहा बोटांचे ठसे. पाच वर्षांखालील बालकाचे छायाचित्र दर सहा महिन्यांनी व त्यानंतर दरवर्षी बदलणे इष्ट. ऊसतोड कुटुंबाने मूळ गावाबरोबरच टोळीच्या मुकादमाचे नाव व कारखान्याचेही नाव लिहावे. कोपीवर राहणाऱ्या लहान मुलाला त्या जागेचा पत्ता सांगता येत नाही.

ठशांचा उपयोग व मर्यादा

बोटांवरील रेषांची रचना जन्मापूर्वीच तयार होते. वयानुसार ठशाचा आकार वाढतो. रचना बदलत नाही. या शास्त्राशी आपल्या देशाचे नाते जुने आहे. ठसे वर्गीकरणाचे कार्यालय १८९७ साली कलकत्ता येथे सुरू झाले होते. अमेरिकेत १९९७ पासून पालकांना ठशांचे संच मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आले. तथापि, केवळ अशा संचामुळे मुले सापडतात याचा ठोस पुरावा नाही, असा आक्षेपही तेथे घेण्यात आला.

या आक्षेपात तथ्य आहे. घरातील पाकिटात असलेला ठसा मुलाचा शोध घेऊ शकत नाही. मूल सापडल्यानंतर, विशेषतः मधे वर्षे लोटून चेहरा बदलला असल्यास, ते आपलेच आहे याची खात्री तो पटवितो. शोधाचे खरे काम छायाचित्र, खुणा व तत्परता यांच्यावर अवलंबून असते. घाबरलेल्या पालकांना ऐनवेळी मुलाची उंची आठवत नाही, अंगावरची खूण नेमकी कोठे आहे हे सांगता येत नाही. ही माहिती लिहिलेली असली म्हणजे पोलिस ठाण्यातील पहिला तास वाया जात नाही.

आधार नोंदणीचाही उपयोग होतो. निवासगृहातील बालकाची नोंदणी करताना जुनी नोंद आढळली आणि त्यावरून कुटुंबाचा शोध लागला, अशी उदाहरणे नागपूर येथे घडली आहेत. मात्र पाच वर्षांखालील बालकाच्या आधार नोंदणीत बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. म्हणून पाचव्या व पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करून घेणे अगत्याचे आहे.

मूल हरवल्यास

तक्रारीसाठी चोवीस तास थांबावे लागते, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार हरवलेल्या बालकाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. बीडच्या कुटुंबाचे मूल कराडजवळ हरवले तर त्याला तक्रारीसाठी बीडला जावे लागत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा व ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक आहे. सापडलेल्या बालकाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. कोणीही त्याला परस्पर घरी ठेवून घेऊ नये.

गावपातळीवरील कार्य

सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने हा विषय ग्रामसभेत मांडावा. अंगणवाडीत वजन-उंचीची नोंद होते, त्याच दिवशी पालकांच्या पाकिटातील आकडेही बदलता येतील. शिक्षकांनी शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून गाव, तालुका व पालकांचा क्रमांक पाठ करून घ्यावा. यात्रेला निघताना मुलाच्या खिशात किंवा कपड्याच्या आतील बाजूस क्रमांकाची चिठ्ठी असावी. नाव मात्र बाहेर दिसेल असे लिहू नये; अनोळखी माणसाने नावाने हाक मारली तर मूल सहज विश्वास ठेवते.

एक दक्षता महत्त्वाची. संच पालकांनीच बाळगावा. शाळेने वा पंचायतीने ठसे गोळा करून ठेवू नयेत, तसेच ही माहिती भ्रमणध्वनीवरील गटांत फिरवू नये. मूल हरवल्यावरच पाकीट पोलिसांच्या हाती द्यावे व त्याची एक प्रत घरी असावी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली व परिसरातील हजारो कुटुंबांना रातोरात घरे सोडावी लागली. अशा वेळी माणसे हाती लागेल ते घेऊन बाहेर पडतात. शिधापत्रिका व सातबारा ज्या पिशवीत जपून ठेवले जातात, त्याच पिशवीत मुलाचे हे पाकीटही असावे.