न झिजणारे यंत्र म्हातारे कसे होते?

विहिरीवरच्या पंपाचे बेअरिंग झिजते. बैलगाडीचा आख झिजतो. रोज फिरवलेल्या किल्लीचे दातसुद्धा काही वर्षांनी गुळगुळीत होतात. याचे कारण घर्षण, हे विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकला आहात.

आता एक वेगळा प्रश्न. संगणकातील आज्ञावली झिजते काय?

आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याच्या सूचनांची यादी. अशा अनेक आज्ञावली मिळून सॉफ्टवेअर बनते. त्यात फिरणारा भाग नाही, की गंजणारे लोखंड नाही. पंचवीस वर्षांपूर्वी तिने बेरीज जशी केली तशीच ती आजही करील. असे असूनही अनेक कार्यालयांत "आमचे सॉफ्टवेअर आता फार जुने झाले, कधी बंद पडेल सांगता येत नाही" असे बोलणे ऐकू येते. जे झिजतच नाही ते जुने कसे होते? आणि झालेच, तर त्याचे काय करायचे?

दप्तरातून संगणकात

पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारखे एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. आजूबाजूची शेती बरीचशी कोरडवाहू. पेरणीच्या आधी बियाणे आणि खत घेण्यासाठी शेतकरी विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीकडे जातो. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक सोसायटीला कर्ज देते आणि सोसायटी ते सभासदांना वाटते. त्याचा हिशेब पूर्वी सचिव कीर्द आणि खतावणी या दोन जाड वह्यांत ठेवीत. सहकारी साखर कारखान्यात हाच व्याप कितीतरी मोठा असतो. ऊसनोंद, तोडणीची तारीख, काट्यावरचे वजन, वाहतुकीचा खर्च, कर्जाची कपात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम, ही सगळी एकमेकांत गुंतलेली साखळी असते. १९५० साली सुरू झालेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला, तेव्हा हा हिशेब या भागाला नवा नाही.

संगणक आल्यावर हे काम व्यवस्थापन-सॉफ्टवेअरकडे गेले. १९९० नंतरच्या काळात देशातील अनेक लहान संस्थांनी फॉक्सप्रोसारख्या साधनांत लिहिलेली सॉफ्टवेअर घेतली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, शेजारी करकर आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर! पण काम चोख होत होते. अशी काही सॉफ्टवेअर वीस-वीस वर्षे चालली.

आज्ञावली बदलली नाही, जग बदलले

आज्ञावली स्थिर राहते, पण ती ज्याच्या आधारावर उभी असते ते सारे बदलत जाते. हा बदल चार बाजूंनी येतो.

पहिली बाजू यंत्राची. जुना संगणक बिघडला म्हणून नवा आणला, तर त्यावर जुने सॉफ्टवेअर चालेलच असे नाही. डॉसच्या काळातील पुष्कळ आज्ञावली १६ बिटांच्या होत्या, आणि ६४ बिटांची विंडोज त्या थेट चालवू शकत नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याचा आधार थांबवला. आधार थांबला म्हणजे सॉफ्टवेअर त्याच दिवशी बंद पडत नाही. पण त्यातला दोष किंवा सुरक्षेतले भगदाड यापुढे उत्पादक बुजवणार नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

दुसरी बाजू नियमांची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला. त्या दिवशी खताची पावती करणारे प्रत्येक सॉफ्टवेअर बदलावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आणली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेल्या पीककर्जापैकी ३० सप्टेंबर २०१९ रोजी किती थकबाकी होती, हा तिच्यातला कळीचा प्रश्न होता. शिवाय खात्याला १२ अंकी आधार क्रमांक जोडलेला हवा होता. १९९५ साली आज्ञावली लिहिणाऱ्याला हा प्रश्न माहीत असणे शक्य नव्हते, आणि आधार क्रमांकासाठी रकाना तर त्याने ठेवलेलाच नसणार. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आज्ञावलीत जिथे जिथे जुने नाव कायमचे लिहून ठेवले असेल, तिथे तिथे ते शोधून बदलणे आले.

तिसरी बाजू काळाची. पूर्वी जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच अंक साठवीत. समजा, १९९८ साली १०,००० रुपये १२ टक्के सरळव्याजाने घेतले आणि २००० साली फेडले. खरे व्याज २ वर्षांचे, म्हणजे २,४०० रुपये. पण संगणक ०० मधून ९८ वजा करतो आणि मुदत उणे ९८ वर्षे धरतो. व्याज येते उणे १,१७,६०० रुपये! म्हणजे सोसायटीच उलट शेतकऱ्याला देणे लागते. २००० सालापूर्वी जगभर अशा आज्ञावली तपासून दुरुस्त कराव्या लागल्या.

असेच आणखी एक वळण पुढे आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. जुन्या पद्धतीत या आकड्यासाठी ३२ बिट असतात. त्यांतला एक चिन्हासाठी जातो, उरतात ३१. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. इतके सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतील. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होईल आणि असा संगणक १९०१ साल दाखवू लागेल. ६४ बिटांचा आकडा वापरला की हा प्रश्न सुटतो. पण २०३८ अजून लांब आहे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. २०२५ साली पंधरा वर्षांच्या मुदतीने कर्ज दिले तर शेवटचा हप्ता २०४० साली येतो, आणि त्याची तारीख संगणकाला कर्ज देतानाच काढावी लागते.

चौथी बाजू माणसांची. आज्ञावली लिहिणारा दुसरीकडे जातो, जाणकार सचिव निवृत्त होतो. कित्येकदा संगणकावर चालणारी तयार आज्ञावली तेवढी हाती असते, पण जिच्यावरून ती तयार केली ती मूळ संहिता हरवलेली असते. वाढलेला पदार्थ समोर आहे, पण कृती लिहिलेला कागद सापडत नाही, अशी ही स्थिती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हा तिथल्या राज्यपालांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. कोबोल ही १९५९-६० मधली संगणकभाषा!

संगणकशास्त्रज्ञ मेयर लेहमन यांनी १९७४ च्या सुमारास हाच विचार नियमाच्या रूपात मांडला. वापरात असलेली आज्ञावली सतत बदलत्या गरजांशी जुळवून घेतली नाही, तर ती दिवसेंदिवस कमी उपयोगी ठरत जाते.

वारणेचा धडा

मग जुने झाले की सरसकट टाकून द्यायचे काय? या प्रश्नावर विचार करायला कोल्हापूरकडच्या वारणा सहकारी समूहाचे उदाहरण चांगले आहे. तिथे १९९८ साली केंद्र आणि राज्य शासनाच्या साहाय्याने सुमारे ७० गावांसाठी संगणकीय माहिती-प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक-केंद्रे उघडली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ उपयोग योजले होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा ही केंद्रे प्रत्यक्षात मुख्यतः कारखाना आणि शेतकरी यांच्यातील उसाच्या हिशेबासाठी वापरली जात होती. मधल्या काळात संगणक जुने झाले होते आणि त्यांच्या देखभालीचा खर्च चालूच होता.

त्यांनी नवे संगणक आणले नाहीत. तीच कामे साध्या मोबाईलवरून, लघुसंदेशाने करता येतात का हे त्यांनी पाहिले. सात गावांत आठ महिने प्रयोग चालला. जुन्या व्यवस्थेची सगळी कामे तर झालीच, शिवाय खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक सोयीची वाटली.

इथे प्रारंभ 'कोणते नवे यंत्र घ्यावे' या प्रश्नापासून झाला नाही. 'लोक खरोखर कोणते काम करतात' हे आधी पाहिले गेले. आणि सत्तर गावांत एकदम हात न घालता सात गावांत करून पाहिले.

पूल तोडण्याआधी

नदीवरचा जुना पूल पाडण्यापूर्वी शेजारी नवा बांधतात आणि तोवर जुन्यावरून वाहतूक चालू ठेवतात. सॉफ्टवेअर बदलतानाही असेच करावे लागते.

आधी जुन्या सॉफ्टवेअरची कामे आणि नियम कागदावर उतरवायचे. मग साठवलेली माहिती, कुठल्याही संगणकाला वाचता येईल अशा साध्या तक्त्यांच्या रूपात काढून घ्यायची. मराठी नावांच्या बाबतीत इथे विशेष जपावे लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो टंक नसेल तर सभासदाच्या नावाऐवजी पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग दिसते.

त्यानंतर काही महिने जुने आणि नवे सॉफ्टवेअर बरोबरीने चालवायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. याची गरज एका उदाहरणाने पटेल. ५०,००० रुपये, ७ टक्के दर, मुदत २४० दिवस. वर्ष ३६५ दिवसांचे धरले तर व्याज २,३०१.३७ रुपये येते, ३६० दिवसांचे धरले तर २,३३३.३३ रुपये. फरक ३१.९६ रुपयांचा. असे एक हजार सभासद असतील तर ३१,९६० रुपये! जुन्या आज्ञावलीत कोणती रीत होती हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर बरोबरीने चालवल्याखेरीज हा फरक ध्यानात येत नाही. तो भुर्दंड पडतो शेतकऱ्याच्या खिशाला.

आज हा विषय गावागावांत आला आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,५१६ कोटी रुपये, म्हणजे दर संस्थेमागे सरासरी सुमारे ४ लाख. आपल्या सोसायट्या याच वर्गात मोडतात. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरऐवजी देशभर एक समान सॉफ्टवेअर असावे, हा त्यामागचा विचार आहे. म्हणजे जुन्या वह्या आणि जुने संगणक यांतील कोट्यवधी सभासदांची खाती नव्या घरात न्यायची आहेत. आणि हे नवे सॉफ्टवेअरही एक दिवस जुने होणार आहे. त्याची तयारी ते नवे असतानाच करायची असते. नियम लिहून ठेवावेत, मूळ संहिता संस्थेच्या हाती असावी, माहितीची प्रत दुसऱ्या जागी असावी, आणि काम एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये. यंत्र बदलते, भाषा बदलते. शेतकऱ्याचे खाते मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते.

करून पाहा

१. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक देवघेवीचे सर्व नियम लिहून काढा. मग ग्रंथपालांना विचारा की यातले कोणते सुटले. न लिहिलेले किती नियम केवळ त्यांच्या लक्षात आहेत ते मोजा.

२. २,१४,७४,८३,६४७ सेकंदांची वर्षे किती होतात? (एक वर्ष = ३६५.२५ दिवस धरा.) ती १९७० मध्ये मिळवून साल जुळते का ते पाहा.

३. घरात एखादे जुने कर्ज-पासबुक असेल तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीने त्यातील व्याज दोन्ही रीतींनी काढा, आणि कोणती रीत वापरली आहे ते ओळखा.