सीमारेषेबाहेरचा कारभार

कर्णधाराचा हुकूम मैदानावर तत्काळ अमलात येतो. क्षेत्ररक्षक हलतो, गोलंदाज बदलतो, आणि निर्णय चुकलाच तर पुढच्या षटकात त्याची दुरुस्तीही करता येते. प्रशिक्षकाची मुखत्यारी मात्र पहिला चेंडू पडताच बव्हंशी संपुष्टात येते आणि जबाबदारी तेवढी शिल्लक राहते. हे दोन्ही अधिकार भोगलेल्या पार्लेकर अमोल मुझुमदारांची कारकीर्द म्हणूनच अभ्यसनीय आहे.

1993-94 च्या रणजी हंगामात हरियाणाविरुद्ध पदार्पणातच 260 धावा करणाऱ्या या फलंदाजाच्या खाती अखेरीस प्रथम श्रेणीच्या 11,167 धावा आणि 30 शतके जमा झाली. परंतु तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांनी मधली फळी व्यापलेल्या त्या काळात भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्यास आला नाही.

2006-07 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने आरंभीचे तीनही सामने गमावले, आणि उपांत्य फेरीत बडोद्याविरुद्धच्या दुसऱ्या डावात तर फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी पाच गडी तंबूत परतले. तथापि तो सामना जिंकून, पुढे वानखेडेवर बंगालला नमवून, मुंबईने रणजी करंडक मिळविला.

राजस्थान रॉयल्स आणि मुंबई यांच्या प्रशिक्षणाचा अनुभव गाठीशी बांधून ऑक्टोबर 2023 मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2025 च्या विश्वचषकात पुन्हा तोच प्रसंग ओढवला: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव! इंग्लंडविरुद्ध वगळलेली, भांडुपला जन्मलेली जेमिमा रॉड्रिग्ज पुढच्याच सामन्यात संघात परतली. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने 338 धावा उभारल्या, तेव्हा ड्रेसिंग रूममधील फळ्यावर मुझुमदारांनी लिहिले होते ते इतकेच, की आपल्याला त्यांच्याहून केवळ एक धाव अधिक हवी. तिसऱ्या क्रमांकावर जावयाचे आहे, हे जेमिमाला जेमतेम काही मिनिटे आधी कळले. तिने नाबाद 127 धावा करून सामना जिंकून दिला, आणि 2 नोव्हेंबरला नेरूळच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारत जगज्जेता ठरला.

कर्णधार असताना पराभवाची भरपाई त्यांना स्वतः बॅट हाती घेऊन करता येत असे. प्रशिक्षकाच्या हाती संघ आणि फलंदाजीचा क्रम यांविषयीचा सल्लाच काय तो उरतो. अशा वेळी कालचा निर्णय आज फिरविण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, त्याच्याच सल्ल्याला खेळाडू मान देतात.